फडक्यावरचं दुकान

मुंबईतलं स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ साली बंद झालं, तेव्हा पेपरांनी भरभरून श्रद्धांजल्या छापल्या. टी. एन. शानभागांनी १९४८ साली एका सिनेमा थेटरातल्या कोपऱ्यात ते सुरू केलं होतं. सत्तर वर्षं चाललेलं दुकान गेलं तर वाईट वाटलंच पाहिजे. माझी तक्रार त्या रडण्याबद्दल नाही. माझं भांडण व्याख्येशी आहे. मोठ्या कंपनीचं नाही, मालक स्वतः वाचतो, गिऱ्हाईकाला नावानं ओळखतो, ते म्हणे स्वतंत्र पुस्तकाचं दुकान. ठीक आहे. पण मग दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर जमिनीवर फडकं अंथरून बसलेला आपला माणूस कोण? त्याला कोणती कंपनी पगार देते? त्याच्यावर एक ओळ कुणी लिहिली?

दोस्तांनो, मी मास्तर आहे. रिद्धपूरच्या बाजूला शिकवतो, जमेल तसं लिहितो. पुस्तक लिहिणाराचे हाल मला माहीत आहेत आणि पुस्तक न मिळणाऱ्या पोराचेही. म्हणून या व्याख्येत कोण मावतं आणि कोण बाहेर राहतं, हा प्रश्न मला समीक्षेचा वाटतो.

आपल्या लेखी स्वतंत्र दुकानाचा अर्थ वेगळा आहे. जिथं पुस्तक मागताना 'तू कोणाचा?' असं कुणी विचारत नाही, तोंडानं नाही आणि नजरेनंही नाही, ते स्वतंत्र दुकान. तालुक्याच्या एका दुकानात मी एकदा दलित आत्मचरित्र मागितलं. काउंटरवरच्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, 'तसलं आम्ही ठेवत नाही.' गाइडं होती, कुंजिका होत्या, पोथ्या होत्या, व्रतवैकल्यं होती. 'तसलं' तेवढं नव्हतं. या 'तसलं'ला मोठा इतिहास आहे. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा 'केसरी'नं त्याची पैसे घेऊनसुद्धा जाहिरात छापली नाही. म्हणजे आपला शब्द जन्मला त्या दिवसापासून त्याला दुकानाच्या बाहेर ठेवलेलं आहे.

मग तो वाचकापर्यंत पोचला कसा? १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं आणि भाषणाचा मजकूर पाहून परिषदच गुंडाळली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या, हे त्यांनीच दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवलंय. व्यासपीठ नाकारलं गेलं तेव्हा भाषण परिषदेच्या मंडपाऐवजी पंधराशे खिशांतून फिरलं, असं समजा. विकत घेतलेलं पुस्तक कुणाला परिषदेसारखं रद्द करता येत नाही.

बाबासाहेब स्वतः कसलं गिऱ्हाईक होते! न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा काढून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी पुस्तकं जमवली. १९१७ साली ती आणणारं जहाज युद्धात बुडवलं गेलं. माणूस खचला असता. यांनी पुन्हा जमवली आणि दादरला पुस्तकांसाठी घर बांधलं, राजगृह. त्यांच्या हयातीत लोकांनी त्यांना पाहिलं ते पुस्तकासकट. पुतळ्याच्या हातातही आपण पुस्तकच दिलं. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ नंतर नागपूरला जाणारा वऱ्हाडातला शेतमजूर परतताना पुस्तक घेऊन येतो, यात नवल नाही.

या दुकानाचा धंदा कसा चालतो तेही बघा. त्याला शटर नाही, ते कॅलेंडरवर चालतं. अशोक विजयादशमीला नागपूर, ६ डिसेंबरला दादर, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड, १४ एप्रिलला गावोगाव. प्रकाशकाकडून गठ्ठे उधारीवर उचलायचे, एसटीनं नाही तर रेल्वेनं न्यायचे, उरलेला माल परत करायचा. मध्ये पाऊस आला तर नुकसान याचं. फडक्यावर वंदनेची पुस्तिका, बावीस प्रतिज्ञा, संविधान, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', भीमगीतांच्या चोपड्या. चार आण्यांच्या जमान्यापासून हे चालत आलंय. तिथं मी ऐकलेलं एक बोलणं सांगतो. एक म्हातारी बाई आली, अंगठाछाप असावी.

'बापू, बाबासायबाचं पुस्तक दे एक. मोठ्या अक्षराचं. नातीले वाचाले पायजे.'

'कोनतं देऊ माय?'

'खरं हाय थे दे.'

समीक्षकांनो, पुस्तकाला लावायची यापेक्षा कडक कसोटी तुमच्याकडे असेल तर सांगा.

मराठी समीक्षेनं लेखक पाहिला, कलाकृती पाहिली, सौंदर्य पाहिलं. आवृत्ती संपली हे ती सांगते, कुठं आणि कुणाच्या हातून संपली हे सांगत नाही. दलित साहित्याला वाचक कोण, असं प्राध्यापक विचारत राहिले, कारण वाचक त्यांच्या दुकानात येत नव्हता. तो उन्हात उकिडवा बसून पानं चाळत होता. इथं एक न्याय्य गोष्ट नोंदवली पाहिजे. 'ग्रंथाली'नं १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' काढलं, १९८० साली लक्ष्मण मानेंचा 'उपरा' काढला. त्या चळवळीनं दुकानाची वाट न बघता पुस्तक वाचकाच्या दारी नेलं, हे त्या पुस्तकांच्या यशाचं एक कारण आहे. पुण्याच्या 'सुगावा'च्या विलास वाघांनी आयुष्यभर तेच केलं. २०२१ साली ते गेले. त्यांनी काय काय विकलं, याचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा.

त्याच २०२१ सालची दुसरी गोष्ट. सरकारनं १९७९ पासून, वसंत मून यांच्या संपादनाखाली, बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली. फार मोठं काम. पण पुढं खंड मिळेनासे झाले, छपाई रखडली आणि मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्या पुस्तकाला मागणी आहे तेच सरकारच्या दुकानात नाही! त्या काळातही फडक्यावरच्या माणसानं कुठून कुठून माल आणून लोकांना दिला.

पुस्तक असणं आणि पुस्तक मिळणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे रिद्धपूरइतकं कुणाला कळणार? आमच्या या गावात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी माणसामाणसाला विचारून चक्रधरांच्या आठवणी जमवल्या आणि 'लीळाचरित्र' झालं. गोविंदप्रभूंच्या चरित्रात मातंगांच्या विहिरीची लीळा आहे. लोकांच्या बोलीत लिहिलेला, वाड्यावस्त्यांत वावरणाऱ्यांचा हा ग्रंथव्यवहार. पुढं काळ आडवा आला, पंथानं आपले ग्रंथ जपण्यासाठी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. ते जपले गेले, हे उपकार. पण विसाव्या शतकात ते उलगडून छापले जाईपर्यंत बाहेरच्या मराठी माणसाला त्यांचा पत्ता नव्हता. ज्या भाषेत लिहिलं ती भाषा बोलणारेच शेकडो वर्षं वाचकांच्या यादीत नव्हते. आज लिपी उघडी आहे, पण किंमत, अंतर आणि ती वरपासून खालपर्यंत जाणारी नजर या नव्या सांकेतिक लिप्या झाल्या आहेत.

आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालंय. २०२३ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, २०२४ मध्ये ते कामाला लागलं, त्याच वर्षी मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. चांगलं झालं. पण माझी मागणी साधी आहे. विद्यापीठाच्या फाटकाशी पुस्तकं विकणाराला हक्काची जागा द्या. तिथं 'लीळाचरित्र'ही असू द्या आणि 'बलुतं'ही. गावातली निंदणाला जाणारी बाई पाच मिनिटं थांबून पुस्तक हातात घेऊ शकली, तर ते भाषेचं विद्यापीठ.

आता आपल्या घरातलं. फडक्याचं कौतुक करून थांबलो तर ती आरती होईल. आपल्या स्टॉलांवर आज काय चाललंय? पुढच्या रांगेत किचेन, फोटो, बिल्ले. पुस्तकं मागं. त्यातही कित्येक पुस्तिकांवर साल नाही, अनुवादकाचं नाव नाही. बाबासाहेबांच्या नावावर अशी वाक्यं छापली जातात, जी कोणत्या खंडात, कोणत्या भाषणात आहेत हे छापणाराही सांगू शकत नाही. 'खरं हाय थे दे' म्हणणाऱ्या त्या मायला हे द्यायचं? ज्यानं एकेका विधानाला पुरावा जोडला त्याच्या नावावर बिनपुराव्याचा माल विकणं ही भक्ती नाही, भेसळ आहे.

आणि बाया कुठं आहेत? नागपूरच्या कुमुद पावडेंचं 'अंतःस्फोट' १९८१ चं, बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' १९८६ चं, उर्मिला पवार-मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ चं. फडक्यावर शोधावी लागतात. नव्या कवीचा पहिला संग्रह तर गठ्ठ्यातून बाहेरच निघत नाही. कवी फुकट वाटतो आणि फुकटचं कुणी वाचत नाही. प्रस्थापितानं आपल्याला 'तसलं' म्हणून बाहेर ठेवलं. आपण आपल्यातल्या कुणाला 'तसलं' म्हणतो आहोत का?

वाचनालय हवंच, पण विकत घेण्याची सर त्याला नाही. माझ्या वर्गातलं पोरगं विकत घेतलेल्या पुस्तकावर पहिल्या पानावर पूर्ण नाव लिहितं, खाली गाव, तालुका, जिल्हा. घरात सातबारा नाही, पण हे एक त्याच्या नावावर आहे. वीस रुपयांचं का असेना.

म्हणून कार्यकर्त्यांनी एवढं करावं. तुमच्या गावच्या आठवडी बाजारात महिन्यातून एकदा फडकं अंथरा. कांदे-मिरच्यांच्या शेजारीच. पंचवीस पुस्तकं पुरेत, पण प्रत्येक स्वतः वाचलेलं ठेवा. ज्यावर साल, प्रकाशक, अनुवादक नाही ते ठेवू नका. निम्मी पुस्तकं बायांनी लिहिलेली ठेवा. नव्या कवीला रोख पैसे द्या. फोटो मागं, पुस्तकं पुढं. विकलं किती आणि कोणतं याची वही ठेवा आणि ती या अंकाकडे पाठवा. मराठी समीक्षा जी नोंद करत नाही ती आपण करू.

येत्या बाजारच्या दिवशी कोण बसतो?