बाखाला कोणी विचारले?

मुल्कराज आनंद यांची आपल्याकडची ओळख 'अनटचेबल' (१९३५) या कादंबरीचे लेखक एवढीच उरली आहे. ती अपुरी आहे. मुंबईत १९४६ साली त्यांनी 'मार्ग' हे वास्तुकला व ललित कलांचे नियतकालिक सुरू केले. १९६५ ते १९७० या काळात ते ललित कला अकादमीचे अध्यक्ष होते. दिल्लीतील हौज खास या गावात त्यांनी 'लोकायत' हे लोकांसाठीचे सांस्कृतिक केंद्र काढले. उत्तरायुष्यात ते आमच्या मावळातील खंडाळ्याला राहिले. कादंबरी, नगररचना, कलासंस्था आणि वस्तीचे पुनरुज्जीवन ही चारही कामे एका माणसाने केली. या चारही कामांमागच्या विचारात दलिताचे स्थान कोणते, हे तपासणे आपले काम आहे.

'अनटचेबल' ही पाण्याची आणि मैल्याची कादंबरी आहे. बाखाची बहीण सोहिनी विहिरीशी घागर घेऊन ताटकळत उभी राहते. दोराला हात लावण्याचा तिला अधिकार नाही. कोणी सवर्ण येईल आणि ओतील, तेव्हा पाणी! अखेरीस बाखापुढे तीन उपाय येतात: मिशनऱ्याचा ख्रिस्त, गांधींचे हृदयपरिवर्तन आणि एका कवीने सुचविलेले, मैला हात न लावता वाहून नेणारे यंत्र. आनंदांचा कल उघडपणे तिसऱ्या उपायाकडे आहे. हे उत्तर साहित्यिकाचे कमी आणि नगररचनाकाराचे अधिक आहे. अस्पृश्यतेचे मूळ कामात आहे, काम यंत्राने केले की अस्पृश्यता जाईल, असा हा विश्वास आहे. तो उदार आहे, परंतु तो भाबडाही आहे. शहरात नळ आले, गटारे आली, आणि त्या गटारांत उतरणारा माणूसही त्याच जातीतून आला. १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले, तरी गटारातले मृत्यू थांबलेले नाहीत. यंत्र आले म्हणून जात गेली नाही.

पण याहून मोठी उणीव दुसरीच आहे. तिन्ही उपाय बाखा ऐकतो. त्याला कोणीही विचारीत नाही. कादंबरी प्रसिद्ध होण्यापूर्वी आठ वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले होते. तिथे पाणी वरून ओतले गेले नाही. आपल्या हाताने घेतले गेले. सोहिनीच्या घागरीपासून महाडच्या ओंजळीपर्यंतचे अंतर म्हणजेच सहानुभूती आणि स्वत्व यांच्यातील अंतर होय. आनंदांची करुणा सच्ची आहे, यात शंका नाही. मात्र ती बाखासाठी बोलते, बाखाला बोलू देत नाही.

हाच दोष पुढे आराखड्यांतही दिसतो. १९६५ साली 'मार्ग'ने मुंबईवर एक अंक काढला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना त्यात मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. कल्पना बुद्धिमान होती. परंतु ज्यांच्या जमिनीवर ती उतरली त्यांना कोणी विचारले नाही, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच माणसे मेली. याचा दोष संपादकावर टाकणे अन्यायाचे ठरेल. तथापि सुंदर नकाशा आणि माणसाची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समीक्षेने सांगितलेच पाहिजे. हौज खासचेही तेच. कलेने जागवलेले ते गाव आज दुकाने आणि उपाहारगृहे यांसाठी ओळखले जाते.

मावळात वडिवळ्याच्या धरणाकाठी उभे राहिले की हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. इथले पाणी इंद्रायणीतून खाली आळंदीपर्यंत जाते. आमचा तालुका शहरांना पाणी देतो. पवनेच्या जलवाहिनीला विरोध करणाऱ्या तिघांनी ९ ऑगस्ट २०११ रोजी याच तालुक्यात गोळ्या झेलल्या. पाणी कोणाकडून निघते, कोणाकडे जाते आणि शेवटच्या घरापर्यंत कोणाच्या मर्जीने पोचते, हे गावकुसाबाहेरच्या माणसाला आराखडा न वाचताही कळते.

आनंदांना आपण नाकारावे काय? नाही. १९९० साली, वयाच्या पंचाऐंशीच्या घरात, त्यांनी बाबासाहेबांच्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'ची आवृत्ती संपादित केली. ज्या प्रश्नाला कादंबरीत यंत्राचे उत्तर दिले, त्याचे मूळ जातीतच आहे, हे सांगणारे पुस्तक त्यांनी स्वतः वाचकांच्या हाती ठेवले. या प्रामाणिकपणाची नोंद आपण घेतली पाहिजे. मात्र 'अनटचेबल'ला दलित साहित्याचा आरंभ मानण्याची घाई करू नये. ती दलिताविषयीची थोर कादंबरी आहे. दलिताची कादंबरी, आणि दलिताचा नगर-आराखडाही, बाखाने तोंड उघडल्यावरच सुरू होतो.