बाउहाउसचें चित्रशाळागृह व व्यायामशाळा : अस्सल आणि नक्कल

जर्मनींतील देसाऊ शहरीं वॉल्टर ग्रोपिअस यानें उभारलेल्या बाउहाउस या कलाविद्यालयाच्या इमारतीवर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु तें बहुतेक एकाच भागासंबंधीं आहे. तो भाग म्हणजे कर्मशाळांची काचेची भिंत. दप्तरांतला एखादाच सुवाच्य कागद वारंवार छापला जावा आणि बाकीचे बासनांत पडून रहावे, तसा हा प्रकार झाला आहे. आम्हांस येथें त्याच इमारतीच्या पांच मजली चित्रशाळागृहाविषयीं लिहावयाचें आहे.

इमारतीचें उद्घाटन ता. ४ डिसेंबर १९२६ रोजीं झालें. तिला दर्शनी बाजू अशी नाहीं; सभोंवार फिरल्याखेरीज तिची रचना ध्यानांत येत नाहीं. एका अंगास रस्त्यावरून जाणारा दोन मजली पूल, तर दुसऱ्या अंगास सभागृह, रंगमंच व भोजनगृह असलेला बैठा भाग. हा बैठा भागच कर्मशाळा व चित्रशाळागृह यांस जोडतो. चित्रशाळागृहास प्रेलरहाउस म्हणत. हें नांव वायमार येथील जुन्या चित्रशाळागृहावरून आलेलें. त्यांत २८ खोल्या. विद्यार्थ्यानें तेथेंच रहावें व तेथेंच काम करावें अशा बेताच्या. तळघरांत स्नानगृहें, कपडे धुण्याची सोय व व्यायामशाळा.

व्यायामशाळा तळघरांत घातली यास कोणी उपेक्षा म्हणेल. आमचें मत उलट आहे. स्वतंत्र प्रासाद बांधून दिलेली व्यायामशाळा पुष्कळदां समारंभापुरती उरते. येथें खोलींतून जिना उतरला कीं तालीम, आणि तालमीच्या शेजारींच स्नान. १९२८ पासून कार्ला ग्रोश ही बाई येथें व्यायाम शिकवूं लागली, म्हणजे ही योजना केवळ नकाशावरची नव्हती. याउलट ज्या काचेच्या भिंतीची एवढी कीर्ति, तिच्यामागें काम करणारांस उन्हाळ्यांत उकाडा व हिवाळ्यांत गारठा सोसावा लागे. वास्तूची परीक्षा छायाचित्रावरून करणारांनीं ही गोष्ट फारशी मनावर घेतलेली दिसत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. १९३२ सालीं देसाऊच्या नगरसभेंतील नाझी बहुमतानें ही संस्था तेथून घालविली. पुढें मार्च १९४५ मधील बाँबवर्षावांत ती काचेची भिंत नष्ट झाली. आज दिसते ती भिंत १९७६ सालच्या जीर्णोद्धारांतली असून तिच्या चौकटी मूळच्या पोलादी नव्हेत, अल्युमिनियमच्या आहेत. १९९६ सालीं युनेस्कोनें ही वास्तु जागतिक वारशाच्या यादींत घेतली.

हस्तलिखितांचा संग्रह करणारांस यांतील अडचण तत्काळ कळेल. पोथीचें गहाळ पान दुसऱ्या प्रतीवरून उतरून घातलें तर पाठ शाबूत राहतो, पण कागद व शाई नवी असते. अशा पानास आम्ही त्याज्य मानीत नाहीं. मात्र तें मागाहून घातलें आहे एवढी नोंद समासांत हवी. बाउहाउसवरील पुस्तकांत १९२६ चीं व अलीकडचीं छायाचित्रें शेजारीं शेजारीं एकाच भिंतीचीं म्हणून छापिलेलीं असतात, आणि वाचक नकलेवरून अस्सलाच्या सामग्रीविषयीं अनुमान करूं लागतो. हा दोष भिंत पुन्हा बांधणारांचा नव्हे, लेखकांचा आहे.

आमच्या समजुतीप्रमाणें या वास्तूचा पाठ काचेंत नसून नकाशांत आहे : काम, भोजन, नाटक, निवास व व्यायाम यांच्या जागा एकमेकींस कशा जोडल्या यांत. ज्यास तो पाठ वाचावयाचा असेल त्यानें कर्मशाळेच्या भिंतीसमोर उभें न राहतां भोजनगृहांतून चित्रशाळागृहांत जावें व जिन्यानें तळघरापर्यंत उतरावें. वरच्या खोल्यांपैकीं कांहीं अलीकडे प्रवाशांस रात्रीच्या मुक्कामास भाड्यानें मिळतात.