मालिका मध्येच सोडावी काय?

अमेरिकेतील आपल्या घरांतून हल्ली कोरियन मालिकांचा छंद बराच वाढला आहे. खालची इंग्रजी अक्षरे वाचीत आमच्या वयाच्या भगिनीही नेटफ्लिक्सवर त्या आवडीने पाहतात. थोरांपुढे वाकून बोलणे, भेटताच 'जेवलास का?' म्हणून विचारणे, हे आपणांस परके नाही. शिवाय बहुधा सोळा भागांत गोष्ट आटोपते.

पण मालिका बिघडली म्हणजे काय करावे? ताटात वाढलेले टाकू नये, या वळणात आपण वाढलो. म्हणून पुष्कळजणी कुरकुरत का होईना, शेवट गाठतात. आमचे मत निराळे आहे.

'क्वीन ऑफ टीअर्स' ही 2024 सालची मालिका घ्या. कोरियात तिच्या शेवटच्या भागाला सुमारे 25 टक्के प्रेक्षक लाभले. टीव्हीएन वाहिनीवरील तोवरचा तो उच्चांक होता. आरंभ खरोखरच बहारीचा आहे. श्रीमंत घराण्यात पूर्वजांच्या विधीचा स्वयंपाक जावई रांधतात, आणि दिवस फिरल्यावर तीच मंडळी जावयाच्या खेड्यातील घरी आसरा घेतात! इथवर लेखिका पार्क जी-उन यांना आम्ही पूर्ण गुण देतो.

घोडे अडते ते आजारापाशी. नायिकेला मेंदूचा एक कल्पित रोग जडतो. जर्मनीत शस्त्रक्रिया होते, प्राण वाचतो, पण गतायुष्य समूळ पुसले जाते. वाचा, चाल आणि तोरा मात्र शाबूत! मग खलनायकाने कानात विष ओतायचे, नवऱ्याला तुरुंगात धाडायचे. स्मृतिभ्रंशाची हीच युक्ती 2002 सालच्या 'विंटर सोनाटा'तही होती.

आम्ही अनेक वर्षे परिचारिकेचे काम केले. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नवी गोष्ट लक्षात ठेवणे जड जाते, शब्द सापडत नाही, राग आवरत नाही. नातलगांना सकाळ-संध्याकाळ तेच उत्तर द्यावे लागते. सगळा भूतकाळ तेवढा पुसला जावा आणि बाकी काही बिघडू नये, असे फारच क्वचित घडते. कल्पनेला आमची हरकत नाही. हरकत आहे ती कथा लांबविण्यासाठी दुखणे राबविण्याला. ज्या घरात असा रोगी आहे, त्या घरच्यांनी हे पाहून काय समजावे? येथेच आम्ही मालिका सोडली.

याउलट 2023 सालची 'डेली डोस ऑफ सनशाइन' पाहा. बारा भागांची ही मालिका मनोरुग्णांच्या वॉर्डात काम केलेल्या एका परिचारिकेच्या चित्रकथेवरून घेतली आहे. एक रुग्ण आत्महत्या करतो आणि त्याची शुश्रूषा करणारी नायिका स्वतःच खचते, इतकी की तिलाही रुग्ण म्हणून दाखल व्हावे लागते. बरी होऊन कामावर परतल्यावर रुग्णांचे नातेवाईकच तिला नको म्हणतात. येथे दुखणे कथेला ढकलीत नाही. दुखणे हीच कथा आहे. परिचारिकाही माणूस आहे, हे इतक्या सरळपणे सांगणारी मालिका आमच्या पाहण्यात विरळाच.

तेव्हा वाचक भगिनींनो, चार भाग सबुरीने पाहावेत. पुढे माणसांऐवजी अपघात आणि आजारच कथा हाकू लागले, तर खुशाल उठावे. एक भाग संपताच यंत्र आपणहून दुसरा सुरू करते. म्हणून बंद करण्याचा निश्चय आपणच करावयाचा. ताटातले अन्न कुणाच्या कष्टाचे व कुणाच्या भुकेचे असते. सोडलेल्या मालिकेने कुणी उपाशी राहत नाही. सोळा भाग म्हणजे वीस तासांहून अधिक वेळ. तेवढ्यात मुंबईच्या वहिनीशी आणि इस्राएलमधील बहिणीशी फोनवर पोटभर बोलणे होईल, आणि त्यांची दुखणी तर खरी आहेत.