कागद पाहणारे भिंग

सांगलीतल्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून मी सहाशे मिलिमीटरचे एक भिंग विकत घेतले. रोडेनस्टॉक या जर्मन कंपनीचे अ‍ॅपो-रोनार. त्याला शटर नाही, नुसते पितळी-काळे नळकांडे आणि पुढे टोपी. मालकांनी ते फडक्यात गुंडाळून देताना बजावले, "न्या तुम्ही, पण ह्यातनं डोंगर-बिंगर काढायला जाऊ नका. हे कागद बघायचं भिंग हाय." मी हसलो. पुढची काही वर्षे सातारा आणि सांगलीच्या मुलखात मी या भिंगातून नेमके डोंगरच काढले आणि त्या वाक्याशी मनातल्या मनात भांडत राहिलो. हा लेख म्हणजे त्या भांडणाचा हिशेब आहे.

मालकांचे म्हणणे शब्दशः खरे होते. मोठ्या आकाराच्या फिल्मवर चालणारी जी अतिलांब भिंगे आज आपल्याकडे हौशी लोकांच्या हाती पडतात, त्यातली बरीचशी डोंगरासाठी घडवलेलीच नव्हती. ती प्रोसेस कॅमेऱ्याची, म्हणजे ब्लॉक करणाऱ्यांची. चित्र रुळांवरच्या फळीवर लावायचे, समोर कॅमेरा, मध्ये प्रखर दिवे. मूळ आकारातच नक्कल हवी असेल तर सहाशे मिलिमीटरच्या भिंगापासून चित्र बाराशे मिलिमीटरवर आणि फिल्मही तितक्याच अंतरावर, म्हणजे एकूण सुमारे आठ फुटांचा पसारा. भिंग लांब का? तर पानाच्या कोपऱ्यातली रेघही सरळ आणि ठसठशीत यावी, दिवे लावायला जागा राहावी म्हणून. 'अ‍ॅपो' का? तर लाल, हिरव्या, निळ्या काचेतून घेतलेल्या तीन निगेटिव्ह एकाच मापाच्या भराव्यात, नाहीतर रंगीत छपाईत देवाचे ओठ गालावर येतात.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. त्यानंतरच्या अनेक दशकांत दिवाळी अंकांतली छायाचित्रे आणि रंगीत पाने वाचकांपर्यंत पोचली ती अशा कॅमेऱ्यांतून. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच धंद्यात होते आणि १९०९ मध्येच ते छपाईचे तंत्र पाहायला जर्मनीला गेले. आमच्या भागापुरते बोलायचे तर आजच्या सातारा जिल्ह्यातले औंध आणि सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी ही दोन्ही ठिकाणे एकाच औंध संस्थानातली. एका ठिकाणी स्वतः चित्रकार असलेले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, ज्यांचे सचित्र 'चित्ररामायण' १९१६ मध्ये निघाले. दुसऱ्या ठिकाणी १९१० मध्ये माळरानावर वसलेला कारखाना, जिथून १९२० पासून किर्लोस्करांचे मासिक निघू लागले. चित्र पाहायचे ते छापील पानावर, ही सवय या मुलखाला अशी लागली. आपण रामायणातली चित्रे पाहिली, पुढाऱ्यांचे चेहरे पाहिले, गडही पाहिले. आणि त्यांच्या आधी एका लांब भिंगाने ते पाहिलेले होते. समीक्षेत चित्रकाराचे, छायाचित्रकाराचे नाव येते. ब्लॉकवाल्याचे येत नाही, त्याच्या भिंगाचे तर नाहीच.

हे भिंग डोंगराकडे वळवले की काय होते? आधी एक गैरसमज दूर करतो, कारण छायाचित्रणाच्या वर्गांत तो अजून शिकवला जातो. लांब भिंग अंतर 'दाबते', मागचे डोंगर पुढे ओढते, असे म्हणतात. भिंग असले काही करत नाही. त्याच जागेवरून आखूड भिंगाने चित्र घ्या, मधला तुकडा कापून मोठा करा. डोंगरांची मांडणी हुबेहूब तीच दिसेल. फरक पडतो तो उभे राहण्याच्या जागेने. लांब भिंग म्हणजे लांब उभे राहण्याचा निर्णय. 'टेलिफोटो' हा शब्दही आपण सैल वापरतो. १८९१ मध्ये डॉलमेयरने पेटंट घेतलेली ती रचना भाता आखूड ठेवण्याची युक्ती आहे. माझ्या भिंगात ती युक्ती नाही. क्षितिजावर रोखायचे तर भाता पुरता सहाशे मिलिमीटर, दोन फूट, बाहेर काढावा लागतो.

आणि दोन फुटांचा भाता म्हणजे शीड. अजिंक्यताऱ्याच्या पश्चिम कडेवर मी आठ बाय दहा इंची लाकडी कॅमेरा लावला, पुढच्या टोकाखाली वेगळा टेकू दिला, तरी वाऱ्याची झुळूक आली की दुधी काचेवरचा सज्जनगड पाण्यातल्यासारखा हलायचा. एफ/४५ एवढे छिद्र, धूसरपणा कापायला लाल फिल्टर, पहाटेचा उजेड. टोपी दोन सेकंद काढून ठेवावी लागते. त्या दोन सेकंदांसाठी मी पावसाळा संपल्यावरच्या स्वच्छ हवेत नऊ सकाळी फुकट घालवल्या. दहाव्या सकाळी वारा पडला आणि चित्र निघाले.

ते चित्र असे. उजवीकडे सज्जनगड, सरळ रेषेत नऊ-दहा किलोमीटरवर. डावीकडे मागे चाळकेवाडीचे पठार, त्याच्या दुप्पट अंतरावर, आणि त्यावर पवनचक्क्यांची रांग. दुधी काचेवर मला त्या दिसल्याच नव्हत्या. घरी निगेटिव्हवर लूप ठेवला तेव्हा सापडल्या. हिशेब केला: वीस किलोमीटरवरचा पन्नास मीटरचा खांब या निगेटिव्हवर दीड मिलिमीटर उंच आणि केसाएवढा जाड येतो. माझ्या मते मोठ्या फिल्मचे खरे काम इथे आहे. लहान कॅमेऱ्याला लांब भिंग लावून गड मोठा करता येतो, पण त्याच्या भोवतालचा मुलूख चौकटीबाहेर जातो. मोठ्या फिल्मवर तेवीस अंशांचा मुलूख एकदम येतो आणि त्यातला केसही टिकतो.

आपल्या गडांच्या छायाचित्रांविषयी माझी तक्रार इथूनच सुरू होते. कॅलेंडरवरचा गड रुंद भिंगातला असतो: पायाशी कासची फुले, वर नाट्यमय ढग, मध्ये बुरूज. अशा चित्रात गड ही पाहण्याची वस्तू होते. वास्तविक गड बांधले ते पाहण्यासाठी. वाट, घाट, शेजारचा गड न्याहाळण्यासाठी. एका गडावरून दुसरा गड दिसणे ही त्या काळच्या कारभारातली व्यवहाराची गोष्ट होती. ती नजर लांब भिंगाची आहे, म्हणून मला ते भिंग या विषयाला साजेसे वाटते.

पण माझे चित्रही निर्दोष नाही. ते वारा नसलेल्या सकाळचेच असणार हे कॅमेऱ्याने ठरवले. म्हणून त्यातले पंखे थांबलेले आहेत, आणि ज्या वाऱ्यासाठी ते पठारावर उभे केले त्याचा चित्रात मागमूस नाही. शिवाय पाय ठेवायला पुढे जमीन नाही. गड हवेत टांगल्यासारखा वाटतो.

सांगलीत तर मी सपशेल हरलो. १९२९ च्या आयर्विन पुलाच्या दगडी कमानी काठावरून तिरप्या घेतल्या. त्या गठ्ठ्यातल्या पुस्तकांसारख्या एकीवर एक बसल्या आणि खालची कृष्णा त्यांच्या मागे नाहीशी झाली. पुलाचे चित्र, आणि नदी नाही. साताऱ्यात उंचावर चढून दूर जाता येते. सांगलीच्या सपाटीवर दूर गेले की मध्ये ऊस येतो.

सज्जनगडाचे चित्र मी परळीच्या एका वयस्कर गृहस्थांना दाखवले. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरले आणि म्हणाले, "खोटं हाय हे. पंखे आमच्या गडाला एवढे खेटून न्हाईत." मी लगेच भिंगाची बाजू घेतली नाही, कारण त्यांची तक्रार बरोबर होती, फक्त तिचे कारण त्यांच्या हातांत होते. निगेटिव्हच्याच आकाराचे प्रिंट भिंगाच्या लांबीइतक्या अंतरावरून, म्हणजे साठ सेंटिमीटरवरून, पाहिले तरच त्यातली अंतरे डोळ्याला खरी वाटतात. आपण कागद फूटभरावर धरतो, आणि डोंगर एकमेकांना चिकटतात. मी ते प्रिंट भिंतीला टेकवले, त्यांना दोन पावले मागे बोलावले. ते बराच वेळ पाहत राहिले. "आता जरा सरकले," म्हणाले.

हेच चित्र निम्म्या मापात, दिवाळी अंकाच्या अर्ध्या पानावर छापले तर पाहण्याचे योग्य अंतर तीस सेंटिमीटर होते. वाचक अंक साधारण तेवढ्यावरच धरतो. म्हणजे अंतरे छापील पानावर आपोआप खरी होतील. मात्र त्या मापात खांबाची जाडी केसाच्या निम्मी उरते, छपाईच्या स्क्रीनच्या एका ठिपक्याहूनही बारीक, आणि पवनचक्क्या पानावरून पुसल्या जातात.