बोलका बाजार आणि रुमालाखालचा हात

आज चर्चेला घेतलेले पुस्तक पंचवीस वर्षांहून जुने आहे आणि ते व्यापारावरचे आहे. विषय जाहीर झाल्यापासून दोघातिघांनी आम्हाला विचारले, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला बाजाराशी काय घेणे? एक तर आम्हीही भाजी घेतोच. आणि दुसरे असे, की ‘संवाद’ हा आमच्या शास्त्राचा जुना शब्द आज कुठल्याही कंपनीच्या पत्रकात सापडतो. तो तिथे कसा गेला हे पाहायचे, तर या पुस्तकाशी थांबावे लागते.

पुस्तकाचे नाव ‘द क्लूट्रेन मॅनिफेस्टो’. लेखक चार, सगळे अमेरिकेतले : रिक लेव्हाइन, क्रिस्टोफर लॉक, डॉक सर्ल्स आणि डेव्हिड वाइनबर्गर. १९९९ च्या वसंतात त्यांनी इंटरनेटवर ९५ प्रमेये लिहून टाकली. आकडा अर्थातच मार्टिन ल्यूथरचा, १५१७ सालचा. पुढच्या वर्षी त्याचे पुस्तक झाले. वाइनबर्गर यांची डॉक्टरेट टोरांटो विद्यापीठातली, तत्त्वज्ञानातली. काही वर्षे त्यांनी तो विषय शिकवलाही. म्हणजे आमच्याच गोत्राचा माणूस. त्यामुळे थोडे आपुलकीने आणि थोडे जास्त कडकपणे वाचले, हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्याच प्रमेयाचा आशय असा, की बाजार मुळात माणसांच्या बोलण्याने बनतो. जुन्या काळी विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहून बोलत. मग कारखाने आले, एकसारखा माल आला, वर्तमानपत्रे आणि टीव्ही आले, आणि कंपनी एका बाजूने ओरडू लागली. गिऱ्हाइकाला तोंड उरले नाही. आता इंटरनेटमुळे गिऱ्हाइके एकमेकांशी बोलतील, कंपनीतले नोकर कुंपणापलीकडे बोलतील, आणि जनसंपर्क खात्याचा तो गुळगुळीत, कुणाचाच नसलेला आवाज लोकांना हास्यास्पद वाटू लागेल. माणसाचा खरा आवाज लपत नाही, असा त्यांचा विश्वास.

श्रेय द्यायचे तिथे द्यायला हवे. हे लिहिले तेव्हा फेसबुक पाच वर्षे दूर होते, ट्विटर सात वर्षे. ब्लॉग लिहिण्याची ‘ब्लॉगर’ ही सोय त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आली. म्हणजे हत्यार बाजारात यायच्या आत त्याचा उपयोग यांनी सांगितला. आणि तसे घडलेही. २००५ च्या उन्हाळ्यात जेफ जार्विस या पत्रकाराने आपल्या बिघडलेल्या डेल लॅपटॉपबद्दल ब्लॉगवर लिहिले, शेकडो लोकांनी आपापली गाऱ्हाणी जोडली, आणि वर्षभराने डेलने स्वतःचा ब्लॉग काढून गिऱ्हाइकांना जाहीर उत्तरे द्यायला सुरुवात केली. एका माणसाच्या तक्रारीने एवढी मोठी कंपनी बोलती झाली. हे लहान यश नव्हे.

पण आमची अडचण इथूनच सुरू होते. बोलती झाली; पण कुठल्या अर्थाने?

न्यायदर्शनात चर्चेला ‘कथा’ म्हणतात आणि तिचे तीन प्रकार सांगतात. वाद, जल्प, वितंडा. आज ‘वाद’ म्हटले की आपल्याला भांडण आठवते. गौतमाच्या सूत्रांत मात्र वाद म्हणजे सत्य जाणून घेण्यासाठी केलेली चर्चा, गुरुशिष्य करतात तशी, प्रमाण आणि तर्क यांच्या आधाराने. जल्प जिंकण्यासाठी, त्यात छल, म्हणजे शब्दांची फसवणूक, चालते. आणि वितंडेत स्वतःचा पक्ष मांडायचाच नाही, समोरच्याचा पाडायचा एवढेच. युर्गेन हाबरमास यांनी १९८१ च्या ग्रंथात समजुतीसाठी बोलणे आणि कार्यभाग साधण्यासाठी वागणे असा भेद केला आहे. तोही इथे लागू पडतो. पण आम्हाला न्यायाची विभागणी जास्त कामाची वाटते, कारण तिथे जल्प आणि वितंडा यांना हाकलून दिलेले नाही. सूत्रकार म्हणतात की कोवळ्या अंकुराभोवती काट्यांची फांदी लावावी तसा त्यांचा उपयोग तत्त्वरक्षणासाठी करावा. जार्विस यांचा संताप असा काट्यांचा होता. त्याला आम्ही नावे ठेवणार नाही.

क्लूट्रेनच्या लेखकांकडे हा भेदच नाही. त्यांच्या लेखी बोलणे एकच, आणि ते चांगले. कसोटी कुठली? आवाज माणसाचा आहे की नाही ही. आता २००६ चे एक उदाहरण घेऊ. एक जोडपे मोठ्या गाडीतून अमेरिकाभर फिरत होते, रात्री वॉलमार्टच्या वाहनतळावर मुक्काम करत होते, आणि वॉलमार्टमधल्या समाधानी नोकरांच्या गोष्टी ब्लॉगवर लिहीत होते. लिखाण साधे, मोकळे. मग उघड झाले की प्रवासाचा खर्च वॉलमार्टच्या बाजूने काम करणाऱ्या एका संघटनेचा होता, आणि ती संघटना वॉलमार्टच्या जनसंपर्काचे काम पाहणाऱ्या एडेलमन कंपनीने उभी केलेली होती. एडेलमन यांना माफी मागावी लागली. लक्षात घ्या, माणसे खरी होती, प्रवास खरा होता, आवाजही त्यांचाच होता. लपवला होता तो पक्ष, म्हणजे आपण कुणाच्या बाजूने बोलतो ते. आवाजाचा खरेपणा म्हणजे बोलण्याचा खरेपणा नव्हे. उलट आवाज जितका घरगुती तितकी त्याची किंमत जास्त, हे व्यापाऱ्यांना प्राध्यापकांच्या आधी कळले. आज मराठी रील्समध्ये एखादी मुलगी स्वयंपाकघरात उभी राहून ‘अगं, मी तर हेच वापरते’ म्हणते, तेव्हा ती आपल्याशी बोलते आहे की तिचे काम करते आहे? भारतातल्या जाहिरात मानक परिषदेला, एएससीआयला, २०२१ मध्ये नियम करावा लागला की पैसे किंवा वस्तू घेऊन बोलत असाल तर तसे स्पष्ट लिहा. नियम करावा लागला, यातच सगळे आले.

आता पुस्तकाच्या मुख्य प्रतिमेकडे येतो : जुना बाजार. मसाल्यांचा वास, हाका, गप्पा, ओळखी. वाचायला छान आहे. पण या लेखकांनी बाजार वाचलेला दिसतो, केलेला दिसत नाही. आम्ही सातारा जिल्ह्यातले. लहानपणी वडिलांबरोबर बैलबाजाराला जात असू. तिथे बोलणे भरपूर. बैलाचे दात, खांदा, शेपटीचा गोंडा, मालकाचे गाव, पाऊसपाणी, सगळ्यावर बोलणे. पण भाव? भाव कधीच बोलला जात नसे. दलाल हातावर रुमाल किंवा उपरणे टाकायचा, खाली दोन हात एकमेकांत जायचे, आणि बोटे दाबून आकडा ठरायचा. वडील शेजारी उभे असायचे आणि त्यांना एवढेच दिसायचे की रुमाल हलतोय. एकदा आम्ही वाकून खाली पाहायला गेलो तर कानाखाली बसली. धान्याच्या, भुसाराच्या बाजारातही हीच रीत होती. शेतकऱ्याला आपल्या मालावर कुणी किती बोली लावली हे कळू नये अशी ती सोय. पुढे नियंत्रित बाजार समित्या आल्या आणि त्यांच्या नियमांनी उघड लिलाव आणला. तो किती पाळला जातो हा वेगळा विषय आहे, त्यात आज शिरत नाही.

सांगायचे ते हे, की जुना बाजार बोलका होता आणि त्याच्या मधोमध एक झाकलेली जागा होती. आणि त्या बाजाराला मालकही असे. मराठेशाहीतल्या पेठांमध्ये शेटे आणि महाजन हे वतनदार होते. पेठ वसवायची, उदमी आणून बसवायचे, आणि दुकानांकडून आपला हक्क घ्यायचा, पुष्कळदा मालाच्याच रूपात. क्लूट्रेनच्या बाजारात शेटे नाही. ९५ प्रमेयांत विकणारा आहे, घेणारा आहे, नोकर आहे. पण हे सगळे ज्या जमिनीवर उभे राहून बोलणार ती जमीन कुणाची, याची चिंता नाही. इंटरनेट कुणाचेच नाही म्हणून सगळ्यांचे, असे त्यांना १९९९ मध्ये वाटले. त्या वर्षी ते फारसे चूकही नव्हते.

मग शेटे आले. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये फेसबुकने ‘बीकन’ नावाची व्यवस्था काढली. तुम्ही दुसऱ्या एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावर काही घेतले, की ती बातमी आपोआप तुमच्या मित्रांच्या पानावर. एका गृहस्थाने बायकोला चकित करायला अंगठी घेतली. ती बातमी बायकोसकट सगळ्यांना गेली. ओरड झाली, फेसबुकने आधी माघार घेतली आणि २००९ मध्ये बीकन बंद केले. लोक म्हणाले, गिऱ्हाईक जिंकले. आम्हाला तसे वाटत नाही. बीकनचा दोष एवढाच, की ते दिसत होते. त्यानंतर जे उभे राहिले ते रुमालाखाली आहे. आपण पान उघडतो त्या क्षणभरात आपल्यासमोरच्या रिकाम्या जागेचा लिलाव होतो. कोण किती पैसे लावतो, आणि हा माणूस अमुक जाहिरातीवर बोट ठेवण्याचा संभव किती, असा हिशेब होऊन एक जाहिरात समोर येते. बोली कुणाकुणाची होती, आपल्याबद्दल काय धरून चालले होते, हे आपल्याला कळत नाही. बैलाला तरी कुठे कळत होते? २०२३ साली मेटा कंपनीचे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते, त्यातले सुमारे १३२ अब्ज जाहिरातींचे. जुना शेटे मूठभर धान्य घ्यायचा. दोन माणसांचे बोलणे कान देऊन ऐकायचे आणि ते ऐकणेच तिसऱ्याला विकायचे, हे त्याला सुचले नव्हते.

स्वतःचाही एक अनुभव सांगतो. घरचे पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बिघडले. कंपनीच्या फोनवर संगीत ऐकून कंटाळलो. भाचा म्हणाला, “मामा, ट्विटरवर टाका, लगेच हलतात.” टाकले. वीस मिनिटांत उत्तर आले. आपल्या गैरसोयीबद्दल खेद, आम्ही आपल्यासोबत आहोत, कृपया डीएम करा. डीएम म्हणजे खासगी निरोप. चारचौघांत खेद, आणि व्यवहार रुमालाखाली! तिसऱ्या दिवशी माणूस आला, यंत्र दुरुस्त झाले, तक्रार नाही. पण शेजारच्या आजींचे तेच यंत्र, तोच बिघाड. त्यांच्याकडे ट्विटर नाही आणि भाचाही नाही. त्यांची पाळी पंधरा दिवसांनी आली. आमच्या आवाजाला उत्तर मिळाले ते आम्ही खरे बोललो म्हणून नव्हे, चारचौघांना ऐकू जाईल असे बोललो म्हणून.

इथे आमचीच एक जुनी विद्यार्थिनी आमच्याशी भांडते, आणि तिचे म्हणणे सांगितले नाही तर आमचाही जल्प होईल. ती नाशिकला घरून फराळाचे पदार्थ करते. तिचे म्हणणे, “सर, तुम्ही रुमाल बघता, मला गिऱ्हाईक दिसतं. दुकान घ्यायची माझी ऐपत नव्हती. कॅनडातल्या मराठी बाईनं माझी चकली आईला पुण्यात पाठवली, हे कुठल्या पेठेत झालं असतं?” खरे आहे. आम्ही निरुत्तर झालो. त्याच संध्याकाळी तिने हेही सांगितले, की पूर्वी तिने काही टाकले की तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांना दिसायचे. आता पैसे भरून ते ‘बूस्ट’ केल्याशिवाय तिच्याच माणसांपर्यंत पोचत नाही. फेसबुकने अशी पैसे भरून पोचण्याची सोय २०१२ पासून सुरू केली. म्हणजे माणसे तिने जोडली, एकेक चकली खिलवून, आणि त्यांच्याशी बोलण्याचे भाडे ती दुसऱ्याला देते. ती हे हसत सांगते. तिला ते धंद्यातला खर्च वाटते. तिचे हसणे खोटे नाही, पण त्याने आमची शंकाही फिटत नाही. दुकानाचे भाडे तरी आगाऊ ठरते, करारावर लिहिलेले असते. इथे दर कुणी ठरवला आणि उद्या किती असेल, हे तिला विचारायला दारच नाही.

सर्ल्स आणि वाइनबर्गर यांनी २०१५ मध्ये या पुस्तकाची पुरवणी लिहिली, १२१ सूत्रांची. आपल्या जुन्या प्रमेयाचा जाहिरातदारांनी गैरअर्थ केला, अशी तक्रार तीत आहे. आम्हाला ही तक्रार पुरती मान्य नाही. गैरअर्थ करायला जागा मूळ मजकुरातच होती. ज्या प्रमेयात वाद आणि जल्प एकाच शब्दात कोंबलेले आहेत, ते जल्प करणाऱ्याने उचलले तर आश्चर्य कसले? मात्र प्रामाणिकपणा मानावा लागेल. दहा-पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेल्याकडे परत जाऊन भांडणारे लेखक थोडे.

ज्यांना वाचायचे असेल त्यांना मूळ पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळते, लेखकांनीच ठेवले आहे. ९५ प्रमेये अर्ध्या तासात होतात. त्यांतली बरीच एकच गोष्ट पुन्हा म्हणतात आणि सूर फार चढा आहे. पण वाइनबर्गर यांचे तळमळीवरचे प्रकरण सोडू नका. कचेरीत दिवसभर दुसऱ्याच्या आवाजात बोलून घरी आलेल्या माणसाला आपला आवाज परत हवा असतो, आणि म्हणून तो रात्री संगणकापुढे बसतो, हे त्यात ज्या समजुतीने लिहिले आहे, तसे आम्हाला व्यापाराच्या दुसऱ्या पुस्तकात सापडलेले नाही. आमचे भांडण त्या माणसाशी नाही.

पुढच्या वेळी न्यायसूत्रांतल्या छलाचे तीन प्रकार घेऊ, आणि तुमच्यापैकी कुणी जाहिरातींची उदाहरणे आणली तर बरे होईल. शक्यतो मराठीतली. आता प्रश्न.