चौदा शब्दांपर्यंत माफ

लोक कादंबऱ्यांची परीक्षणं लिहितात, मी नियमावल्यांची लिहितो. बँकेत इतकी वर्षं सर्क्युलरं वाचल्यावर दुसरं काही गोडच लागत नाही. सध्या हाती आहे ती विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ सालची वाङ्मयचौर्यविषयक नियमावली. प्रबंधांतली आणि शोधनिबंधांतली उचलेगिरी रोखावी कशी, हा विषय. लेखक सरकारी असूनही कल्पनाशक्ती दांडगी!

कथानक असं. यंत्र मजकूर ताडून पाहतं आणि साम्याची टक्केवारी काढतं. शोधनिबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य निघालं तर ते किरकोळ, शिक्षा नाही. ४० पर्यंत गेलं तर लेख मागे घ्या. ६० पर्यंत गेलं तर लेख मागे, शिवाय एक वार्षिक वेतनवाढ बंद, आणि दोन वर्षं नवे विद्यार्थी घ्यायचे नाहीत. त्यापुढे दोन वेतनवाढी नि तीन वर्षं. इथं माझ्यातला कारकून गहिवरला. वेतनवाढीला हात लागल्याशिवाय माणसाला सदाचार सुचत नाही, हे ओळखणारा लेखक चांगलाच मुरलेला असणार.

पण हिशेब पटत नाही. मी पडलो कॉमर्सचा. संध्याकाळी कॅश शंभर रुपयांनी कमी भरली तर आमचा कॅशियर घरी जात नाही. ‘साहेब, तफावत १० टक्क्यांच्या आतच आहे,’ असं म्हणून पाहा बरं! आणि इथं तर नाव देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, ऋणनिर्देश हे सगळं आधीच वजा होतं. मग उरलेले १० टक्के कोणाचे हो? वर आणखी एक सवलत आहे : सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगानं जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंत सोडून द्यावेत. त्यामुळे दर पंधराव्या शब्दाला ‘तथापि’ घालण्याची नवी गद्यशैली मराठीत येणार, अशी मला धास्ती आहे.

यंत्र शब्द मोजतं, चोरी मोजत नाही, हा माझा मुख्य आक्षेप. त्याचे दोन साक्षीदार आमच्या खानदेशातच आहेत.

पहिले सोपानदेव चौधरी. स्वतः नावाजलेले कवी. आई बहिणाबाई निरक्षर. ओव्या तोंडी रचलेल्या, घरच्यांनी उतरून ठेवलेल्या. १९५१ साली आई गेली. ती वही सोपानदेवांनी स्वतःच्या नावावर खपवली असती तर कोण विचारणार होतं? यंत्रानं साम्य शून्य टक्के दिलं असतं! त्यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली गाणी आईच्याच नावानं छापली गेली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्या माउलीचं नाव आहे. तेही मिळालं २०१८ सालीच, या नियमावलीच्याच वर्षी.

दुसरे धुळ्याचे राजवाडे. म्हणजे जन्मानं नव्हेत, पण १९२६ साली त्यांनी देह ठेवला तो धुळ्यात, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळही तिथंच. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरची दफ्तरं उपसून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले, पहिला १८९८ सालचा. त्यांत पत्रं सगळी दुसऱ्यांची! ते खंड नुसते यंत्रात घातले तर राजवाड्यांच्या दोन वेतनवाढी गेल्याच म्हणून समजा. (नोकरी त्यांनी फार केली नाही, तेव्हा तसे बचावले असते.) मजकूर कोणाचा, कुठून आला, हे राजवाड्यांनी सांगितलंय, पण ते कळायला कोणीतरी खंड उघडावा लागतो.

आणि वाचायला तर वेळ कोणाला आहे? इंग्रजी लेखाचं मराठी करून आपल्या नावावर घातलं तर शब्द जुळवणारं यंत्र सहसा गप्प बसतं. ओळखतो तो विषय जाणणारा परीक्षक. बऱ्या नियतकालिकांची यादी आयोगानं २०१९ साली केली होती. तर लबाडांनी अख्ख्या नियतकालिकांच्याच नकला काढल्या, नावासकट! २०२५ साली यादीच बंद झाली. आता कुठलं नियतकालिक खरं नि कुठलं खोटं, हे ज्या त्या संस्थेनं आपलं आपण ठरवायचं. म्हणजे पुन्हा वाचणं आलंच. पण वाचणाऱ्याला एखादी वेतनवाढ जास्त द्यावी, असं कलम काही मला सापडलं नाही. दोनदा शोधलं.