किड्याच्या भोकांसकट

व्हॉयनिच हस्तलिखिताच्या पहिल्या आणि शेवटच्या काही पानांना बारीक भोकं आहेत. ती लाकूड पोखरणाऱ्या किड्याची असावीत, असं अभ्यासक मानतात. म्हणजे या पुस्तकाला एके काळी लाकडी फळ्यांची बांधणी होती आणि आज दिसणारं मऊ चर्मपत्राचं वेष्टन पुष्कळ नंतर चढलं. कार्बन चाचणीनुसार पानांचं चर्मपत्र १४०४ ते १४३८ या काळातलं आहे. अनोळखी झाडं, हिरव्या पाण्यात उतरलेल्या बायका आणि राशिचक्रं यांच्या भोवताली वाहणारी लिपी मात्र अजून कुणाला लागलेली नाही. मजकूरच मुका असला की पुस्तकाचा देह बोलायला लागतो. भोकं, टाचलेल्या फाटी, पाण्याचे डाग हे सगळे तिथे पुरावे ठरतात.

स्पेनमधल्या बुर्गोस शहरातल्या सिलोए या छोट्या प्रकाशनसंस्थेने हे ओळखलं. मूळ प्रत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहे. सिलोएने तिच्या ८९८ प्रतिकृती काढायचं ठरवलं, त्या अशा की प्रत्येक भोक, डाग आणि शिवण जागच्या जागी यावी. कागदही चर्मपत्राच्या स्पर्शाच्या जवळ जाईल असा खास तयार केला. या हस्तलिखितात एक मोठं घडीचं पान आहे. ते सहा पानांइतकं उलगडतं आणि त्यावर एकमेकांना जोडलेली नऊ वर्तुळं आहेत. संगणकावर हे चित्र कितीही मोठं करून पाहता येतं, पण त्याच्या घड्या कुठे पडतात, उलगडताना आधी कुठलं वर्तुळ दिसतं आणि वही हातात धरून ते पाहायला किती जागा लागते, हे पडदा सांगत नाही. प्रतिकृती सांगते. ही कला आज केवळ रंग हुबेहूब उतरवण्यावर थांबलेली नाही. तिला पुस्तकाची वागणूक उतरवायची आहे, आणि तिचं खरं यश मला तिथे दिसतं.

सोन्याच्या बाबतीतही तेच. ‘स्प्लेंडर सोलिस’ या किमयेवरच्या ग्रंथाची १५८२ सालची प्रत ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्यात २२ पूर्ण पानी चित्रं आहेत. त्यांतलं शुक्राचं चित्र पाहावं. मधोमध मुकुट घातलेली काचेची कुपी आणि तिच्यात पिसारा फुलवलेला मोर. वर आकाशात शुक्राचा रथ. खाली गाण्याबजावण्यात रमलेले स्त्री-पुरुष. साध्या ऑफसेट छपाईत सोनं म्हणजे पिवळ्या-तपकिरी ठिपक्यांची जाळी होते आणि मोर कुपीत चिकटवल्यासारखा सपाट दिसतो. पान जरासं कललं की सोन्यावरचा उजेड सरकायला हवा, कारण पदार्थाचं रूप पालटणं हाच तर त्या चित्राचा विषय. बार्सिलोनाच्या मोलेरो या प्रकाशकांनी हा ग्रंथ काढताना सोन्याकडे पुरेसं लक्ष दिलं आणि सोबत अभ्यासकांच्या लेखांचा स्वतंत्र खंडही जोडला. अशा कामाचं मोल मोठं आहे.

माझी तक्रार सुरू होते ती इथून पुढे. मोलेरोच्या आवृत्त्या ९८७ प्रतींच्या असतात. त्या पुन्हा निघणार नाहीत, ही त्यांची जाहिरात. सिलोएने व्हॉयनिचची किंमत सात-आठ हजार युरो धरली होती, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने आपल्या पाच-सहा लाख रुपयांच्या घरात. हाताने केलेल्या कामाला दाम पडणारच, त्याबद्दल वाद नाही. पण एकुलत्या एका पुस्तकाला अनेक हातांत नेण्यासाठी जी कला जन्मली, तिनेच दुर्मीळपणा विकायला काढावा, हे मला पटत नाही. यातल्या बऱ्याच प्रती काचेच्या कपाटात जातात आणि जुजबंदी इतकी कोरी राहते की पुस्तक कधी नीट उघडलेलंच नसतं.

गूढविद्येच्या पुस्तकांच्या आवृत्त्यांना तर बांधणीचा वेगळाच रोग लागला आहे. काळं बकऱ्याचं कातडं, त्यावर सोनेरी मंत्रचिन्ह, कडांना मुलामा, वर मखमली पेटी. मूळ हस्तलिखिताला बहुतेकदा यातलं काहीच नसतं. कित्येक जादूच्या वह्या साध्या कागदावर, गचाळ अक्षरात, वापरण्यासाठी उतरवलेल्या होत्या. त्यांना दरबारी पोशाख चढवला की त्या कुणी आणि कशासाठी लिहिल्या, हा प्रश्नच झाकला जातो. याउलट फुल्गर या संस्थेने २०१९ साली लंडनच्या वेलकम संग्रहातली एक सैतानी चित्रांची वही छापली, तिचं उदाहरण चांगलं आहे. वहीवर १०५७ हे साल लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. मुखपृष्ठावर ‘मला शिवू नकोस’ अशी ताकीद. संपादकांनी लॅटिन-जर्मन मजकुराचं भाषांतर दिलं, टिपणं दिली आणि वाचकाला भीतीच्या पलीकडे नेलं. येलनेही २०१६ साली व्हॉयनिचची सामान्य वाचकाला परवडणारी आवृत्ती काढली. तिच्यात घडीची पानं उलगडतात आणि सोबत लेख आहेत. स्पर्शाच्या बाबतीत ती सिलोएच्या जवळपासही नाही, पण विद्यार्थ्याच्या टेबलावर तीच असते.

ग्रंथालयांनी सगळं फुकट पडद्यावर ठेवलं असताना छापायचं कशाला, असं विचारणाऱ्यांनी ऑक्टोबर २०२३ आठवावा. ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथल्या हस्तलिखितांची छायाचित्रं दीर्घकाळ दिसेनाशी झाली.

छापायचं तर पैसा लागतोच. पैसा आणि विद्या यांची सांगड पूर्वी चांगली बसली होती. ‘कोडेक्स बोर्जिया’ हा मेक्सिकोतला भविष्य सांगण्याचा चित्रग्रंथ, २६० दिवसांच्या पंचांगाचा, हरणाच्या कातड्यावर रंगवलेला. लॉर्ड किंग्जबरोने १८३१ पासून अशा ग्रंथांच्या हाताने उतरवलेल्या नकला छापल्या आणि त्या खर्चापायी १८३७ साली डब्लिनच्या कर्जदारांच्या तुरुंगात जीव गमावला. पुढे ड्यूक द लूबा या अमेरिकन धनिकाने १८९८ मध्ये बोर्जियाची रंगीत प्रतिकृती काढून प्रती ग्रंथालयांना आणि अभ्यासकांना वाटल्या, आणि अभ्यासक एदुआर्त झेलर यांच्या त्यावरच्या भाष्यालाही पैसा पुरवला. १९७६ साली ऑस्ट्रियातल्या ग्रात्सच्या अडेवा या प्रकाशनसंस्थेने तो पुन्हा छापला, तोही मूळच्यासारखा लांब पट्टीच्या घड्यांचा. त्याला कणा शिवला असता तर सलग वाचायची पानं तुटली असती.

आपल्याही दारातला एक ग्रंथ अशा हातांची वाट पाहतो आहे. विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाच्या काळात, १५७० साली सिद्ध झालेला ‘नुजूम-उल-उलूम’ हा फारसी ग्रंथ डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. खुद्द सुलतानच त्याचा लेखक असावा, असं इतिहासाच्या अभ्यासक एमा फ्लॅट यांनी मांडलं आहे. राशी, ग्रह, ताईत, शस्त्रं आणि योगिनींची आठवण करून देणाऱ्या ‘रूहानी’ अशी शेकडो चित्रं त्यात आहेत. इराणी ज्योतिष आणि दख्खनी तंत्र एकाच पानावर नांदतात. आदिलशाही ही महाराष्ट्राच्या मोठ्या भागाची राजवट होती, त्यामुळे या चित्रांवर आपलाही हक्क आहे. त्याची प्रतिकृती काढताना मला कातडं आणि पेटी नको. पान मूळ मापाचं, सोनं सोन्यासारखं, फारसी मजकुराचं मराठी आणि कन्नड भाषांतर शेजारी, आणि विजापूर, पुणे, मुंबई, हैदराबाद इथल्या ग्रंथालयांत मागितल्याबरोबर हातात मिळेल अशी प्रत हवी.